रोजची क्षमा

धाकटीने पवित्र शास्त्रातली खुणेची लाल फीत उचलली आणि दोन पानं पुढे सरकवून ठेवली. थोरली गेले चार दिवस एकच अध्याय वाचत होती. तोही नुसत्या नावांचा. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा आणखी कोणी. रोज ती त्याच एका नावावर अडखळायची, चष्मा बाहीला पुसायची आणि नव्या उमेदीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पूर्वी फीत कोणी हलवली असती तर तिला लगेच कळलं असतं आणि तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आता कळत नव्हतं. धाकटीने शास्त्र मिटून टेबलाच्या मधोमध सरळ ठेवलं आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसली.

सकाळचे पावणेसहा वाजले होते. लाँड्रीच्या मागच्या खोलीत टेबलाभोवती तीन खुर्च्या होत्या. पूर्वी पाच असायच्या. थोरलीचा नवरा गेला, मग त्याचा भाऊ, म्हणजे धाकटीचा नवराही गेला, आणि दोन खुर्च्या पुढे दुकानात गिऱ्हाइकांसाठी नेल्या. उरल्या या दोघी जावा आणि थोरलीची लेक. लेक पंचेचाळिशी ओलांडलेली, दुकान आता तीच बघायची. ती वरच्या मजल्यावरून उतरली आणि जांभई दाबत बसली. मागोमाग थोरली आली. केस विंचरलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. डोक्यातलं काय काय गळून गेलं होतं, पण प्रार्थनेला पारोसं बसायचं नाही हे काही गेलं नव्हतं.

शास्त्राच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. चर्चच्या जुन्या पाळकांच्या हातचा. विश्वासात वाढायचं तर रोजच्या पाच सवयी, असं वर ठळक लिहिलेलं. उठल्याबरोबर आभार मानायचे. एक अध्याय वाचायचा. एक स्तोत्र म्हणायचं. माणसांसाठी नावानिशी प्रार्थना करायची. आणि शेवटी, ज्याने आपलं वाईट केलं त्याला मोठ्याने क्षमा करायची. म्हातारा पाळक भला माणूस होता. "क्षमा एकदा करून भागत नाही, बाई," असं तो थोरलीला म्हणाला होता. "काल जेवलो म्हणून आजची भूक भागते का? रोज करायची." ही बाई आपलं बोलणं किती मनावर घेणार आहे, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

थोरलीने आभार मानले. अध्याय वाचला. तो नवा आहे हे तिच्या गावीही नव्हतं. स्तोत्र तोंडपाठच होतं. नावं घेताना दोन मेलेल्या माणसांना लवकर बरं कर म्हणाली. लेकीने डोळे उघडून काकूकडे पाहिलं, काकूने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग थोरलीने आवाज एक पट्टी वर नेला, आणि धाकटीने सदतीस वर्षांच्या सवयीने पोट आत ओढून घेतलं.

"प्रभू, हौदाचं झाकण उघडं टाकून माझ्या सोन्याचा जीव घेणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला मी आजही क्षमा करते."

"आमेन," लेक म्हणाली.

"आमेन," धाकटी म्हणाली.

हे असं रोज. तापाने फणफणली असताना, पाहुण्यांदेखत, लेक शाळेत पहिली आली त्या सकाळी. धाकटीने नवऱ्याला माती दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा सकाळी पावणेसहाला तिला क्षमा झाली आणि तिने आमेन म्हटलं.

सोन्या म्हणजे थोरलीचा मुलगा. चार वर्षांचा होता. तेव्हा मागच्या अंगणात जमिनीत बांधलेला निळीचा हौद होता, त्यावर पत्र्याचं जडशीळ झाकण. उघडायला दोन्ही हात लागायचे आणि लावताना असा धाडकन आवाज व्हायचा की पुढे दुकानात बसलेलं माणूस दचकावं. सोन्या त्यात बुडाला त्या दुपारी दवाखान्याचे अभ्रे निळीतून काढून शेवटी तिथून उठली ती धाकटी. हे तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. झाकण लावलं होतं, हेही सांगितलं. "माझं बोट सापडलं त्यात," म्हणून अनामिकेचं काळंनिळं नख दाखवलं. थोरलीने त्या नखाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते मागच्या आठवड्यातलं आहे," एवढंच म्हणाली. पोटचं पोर नुकतंच पुरून आलेल्या बाईशी नखावरून कोण वाद घालणार? धाकटी गप्प बसली. तिथेच तिचं चुकलं. दोन महिन्यांनी पाळकाने तो कागद लिहून दिला.

धाकटीला मूल झालं नाही. म्हणजे नवऱ्याने होऊ दिलं नाही. तो तोंडाने कधी काही बोलला नाही, फक्त तो विषय निघाला की उठून इस्त्रीला जायचा. चर्चच्या मंडळीत मात्र थोरलीचं केवढं नाव झालं! क्षमा करणारी माउली म्हणून तिला महिला मंडळात साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, बोलवायचे, दुसऱ्या मंडळ्यांतूनही बोलवायचे. ती जाताना धाकटीला सोबत न्यायची आणि पहिल्या रांगेत बसवायची. बाया माना वळवून वळवून बघायच्या. परतताना थोरली विचारायची, "बरं बोलले ना गं मी?" आणि धाकटी म्हणायची, "छान बोललात, ताई."

झाकणाचा तो आवाज धाकटीच्या कानात होता. बोटातली कळसुद्धा आठवत होती. पण रोज सकाळी एकच गोष्ट ऐकायची आणि वर तिला आमेन म्हणायचं, हे वीस वर्षं केल्यावर माणसाचा स्वतःच्या कानांवर काय भरवसा उरणार? आवाज दुसऱ्या कुठल्या दिवसाचा असेल. नख खरंच मागच्या आठवड्यातलं असेल. हळूहळू तिने स्वतःला तसं पटवून दिलं. तरी आत कुठेतरी एक हट्टी जागा राहिलीच. कोणीतरी एकदा, फक्त एकदाच म्हणावं, की तू लावलं होतंस गं झाकण. दुसरं काही नको होतं तिला. त्यासाठी तिने कितीदा प्रार्थना केली होती, पण ती मनातल्या मनात. मोठ्याने प्रार्थना करायचा मान त्या घरात एकट्या थोरलीचाच होता.

पुढच्याच आठवड्यात ते झालं. थोरलीने आवाज वर नेला, "प्रभू, हौदाचं झाकण उघडं टाकून..." म्हणाली आणि थांबली. धाकटी पोट आत ओढून वाट बघत राहिली. थोरलीने डोळे उघडले.

"कसलं झाकण?" तिने विचारलं. मग दाराकडे बघून, "सोन्या उठला नाही का अजून? केवढं उजाडलं!"

लेकीने त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि घाईत होती, पण बोलली ते नीट बोलली. त्यांना मुलगा लहान आहे असं वाटतंय तर वाटू द्या. झोपलाय म्हणा, बाहेर खेळतोय म्हणा. खरं सांगायला जाऊ नका. त्यांना सांगितलेलं राहणार नाही, पण ऐकताना मात्र ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं लागणार. "रोज सांगितलंत तर रोज त्यांचं मूल मरेल," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर लेकीने ठरवून टाकलं.

"काकू, उद्यापासून प्रार्थना तू घे. आईला आता नीट वाचता येत नाही. आणि ते पाचवं राहू दे. त्यात सोन्याचं येतं."

दुसऱ्या दिवशी स्तोत्र झालं, नावं झाली, आणि धाकटी "आमेन" म्हणून थांबली. क्षमा नाही. सदतीस वर्षांत पहिल्यांदा ती क्षमा न होता टेबलावरून उठली. तोंडाचं काय करावं तिला कळेना. चहा करताना ती चक्क गुणगुणली, आणि आपणच दचकून गप्प झाली. थोरली तर खुशीतच होती. सोन्या झोपलाय, सोन्या खेळतोय, सोन्या बाबांबरोबर गेलाय. जे सांगावं ते तिला पटायचं. धाकटीला तिची माया यायला लागली होती, हे कबूल करायला हवं. ती तिच्या दुधात साय घालायची. आपल्या हातून गेलेलं ते मूल असं हसत-खेळत परत आलं, ते तिला बरंच वाटत होतं. असे दहा-बारा दिवस गेले, आणि तिच्या आयुष्यातले ते बरे दिवस म्हणायचे.

मग ती दुपार आली. दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. दवाखान्याच्या मोठ्या चादरी, एकटीला जमत नाहीत. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायचं, झटकायचं, आणि एकमेकींकडे चालत येऊन टोकं जुळवायची. थोरलीचे हात हे विसरले नव्हते. अर्ध्या वाटेत ती थबकली.

"अगं बाई! झाकण उघडंच राहिलं बघ."

"कसलं झाकण, ताई?"

"हौदाचं गं. तू लावून गेलीस आणि मला एक शर्ट सापडला निळीत घालायचा राहिलेला. म्हणून उघडलं, तर तेवढ्यात पुढे गिऱ्हाईक आलं. तशीच ओल्या हाताने गेले मी. जा, पटकन लावून ये. सोन्या तिकडेच खेळतोय."

धाकटीच्या हातातली टोकं सुटली नाहीत. उलट तिने ती मुठीत अशी आवळली की घडी चुरगळली.

"मी लावून गेले होते?"

"हो की! एवढं धाडकन वाजलं. बोट नाही का चेमटलं तुझं? बघू, दाखव."

थोरलीने चादर सोडून दिली, जवळ येऊन धाकटीचा हात धरला आणि म्हातारं, सुरकुतलेलं, केव्हाच बरं झालेलं ते बोट तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर घातली. मग डोळे मिचकावून हळूच म्हणाली, "आणि कुणाला बोलू नकोस हं, मी उघडं टाकलं म्हणून. हे उगाच ओरडतील मला."

कुणाला बोलू नकोस. म्हणजे ठाऊक होतं. त्याच दुपारी ठाऊक होतं, आणि नखाकडे न बघता "मागच्या आठवड्यातलं" म्हणाली तेव्हाही. सदतीस वर्षं ठाऊक असताना ती रोज डोळे मिटून क्षमा करत होती. करत होती कसली, फेकत होती अंगावर!

"लावून येते," धाकटी म्हणाली. पाय तिला जिथे घेऊन गेले तिथे आता इस्त्रीचं लांब टेबल होतं. हौद केव्हाच बुजवला होता, वर सिमेंट केलं होतं, अंगणावर छप्पर टाकलं होतं. ती टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. तिला रडायचं होतं, पण रडू आलं नाही. राग आला. एवढा राग आपल्यात मावतो, हेही तिला ठाऊक नव्हतं.

लेक पुढे दुकानात बोचक्यांना नंबरांच्या चिंध्या बांधत होती. धाकटीने तिला सगळं सांगितलं. शर्ट, गिऱ्हाईक, बोट, कुणाला बोलू नकोस. सांगताना शब्द एकमेकांवर आदळत होते. लेकीने हातातली गाठ पुरी केली आणि मगच मान वर केली.

"काकू, आई काल मला शेजारीण समजून चहाला ये म्हणाली. परवा म्हणाली बाबा दाढी करतायत."

"हे तसं नाही गं. माझं बोट आठवलं तिला. तो धाडकन आवाजसुद्धा..."

"तू तिला काही विचारलंस का? तिच्या तोंडून काढून घेतलंस?"

"मी कशाला काढून घेऊ!"

"सदतीस वर्षं," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. "पोटचा मुलगा गेला तरी तिनं तुला घराबाहेर काढलं नाही. एक दिवस न चुकता माफ केलं. सगळी मंडळी जाणते आई काय आहे ते. आणि आता तिचं डोकं ठिकाणावर नाही, तर तू तिच्यावरच ढकलतेस? लाज नाही वाटत, काकू?"

धाकटीने तिला न्हाऊमाखू घातलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या. पण त्या वेण्या घालून घेतानाही ही पोर रोज सकाळी आईच्या जोडीने आमेन म्हणूनच आलेली असायची. तिच्याकडे न्याय मागायला जाणं हाच मूर्खपणा होता.

रविवारी उपासनेनंतर ती नव्या पाळकांना भेटली. तो मऊ बोलणारा, समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरणारा. तिने त्याला थोडक्यात सांगितलं, की चूक त्यांची होती आणि क्षमा मला करत राहिल्या. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खरं काय ते प्रभूला ठाऊक. पण तुमच्या मनात कडूपणा आहे, मावशी. तो खाऊन टाकील तुम्हाला. आता तुम्ही क्षमा करायला शिका त्यांना."

"ते होणार नाही माझ्याच्याने."

"एका दिवसात नाहीच होत. रोज थोडी थोडी. माणूस समोर असेल तर उत्तम, मोठ्याने म्हणायची. सवय लागली की मन आपोआप मागून येतं."

"मोठ्याने म्हणायची?"

"हो. तोंडाने म्हटल्याशिवाय मन मोकळं होत नाही," तो म्हणाला आणि तिचा हात थोपटून पुढच्या माणसाकडे वळला.

मंगळवारी लेक पहाटेच चादरी आणायला दवाखान्यात गेली. आता आठवड्यातले चार दिवस ती अशी जायची. टेबलाशी दोघीच. धाकटीने आभार मानले. अध्याय वाचला. स्तोत्र थोरलीने तिच्यासोबत म्हटलं, एक शब्द न चुकता. नावं घेतली. मग धाकटीने डोळे मिटले आणि आवाज एक पट्टी वर नेला. तो तिचा तिलाच ओळखू येईना.

"प्रभू, हौदाचं झाकण उघडं टाकून आपल्याच सोन्याचा जीव घेणाऱ्या माझ्या थोरल्या जावेला मी आज क्षमा करते."

थोरलीने डोळे उघडले.

"काय झालं सोन्याला?" थोरली म्हणाली.

"बुडाला तो, ताई. हौदात. तुम्ही झाकण लावायला विसरलात."

थोरलीने आधी धाकटीकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो धाकटीने यापूर्वी एकदाच ऐकला होता, सदतीस वर्षांपूर्वी, अंगणात. तस्साच होता. अंगावर सर्रकन काटा आला. तिने उठून थोरलीला धरलं. थोरली तिच्या कमरेला मिठी मारून हमसाहमशी रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "माझंच चुकलं गं. तू लावलं होतंस. मीच मेलीनं उघडलं. माफ कर गं मला."

तू लावलं होतंस. ऐकलं धाकटीने. स्वतःच्या कानांनी, स्पष्ट. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढंच तर हवं होतं. "केली, ताई. क्षमा केली," ती म्हणाली आणि आता तीही रडत होती. बस, झालं, आता पुन्हा हे नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. तिने थोरलीचं तोंड ओल्या टॉवेलने पुसलं आणि चहा टाकायला गेली.

चहा घेऊन आली तेव्हा थोरली खिडकीतून बाहेर बघत होती. पापण्या अजून ओल्या होत्या. तिने गालावर बोट फिरवलं आणि ते बघितलं.

"हे काय गं पाणी? छत गळतंय का?" मग कप हातात घेत, "सोन्या उठला नाही का अजून?"

धाकटी कप धरलेल्या त्या हातांकडे बघत उभी राहिली. गेलं. इतक्या वर्षांनी हाताशी आलेलं, चहाला आधण येईपर्यंत गेलंसुद्धा. जगात ते ऐकलेलं माणूस ती एकटीच, आणि उद्यापर्यंत तिलाही वाटायला लागेल की हे आपल्या मनाचे खेळ. स्वतःच्या कानांचा भरवसा कसा उडतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

बुधवारी लेक घरी होती. गुरुवारी नव्हती. धाकटी टेबलाशी बसली तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं, हे ती शपथेवर सांगेल. आभार, अध्याय, स्तोत्र, नावं. त्या ओघात पाचवं तोंडातून कसं आलं ते तिला कळलंच नाही. थोरलीने पुन्हा आपल्या हातांकडे पाहिलं. पुन्हा तो आवाज. पुन्हा माझंच चुकलं, तू लावलं होतंस, माफ कर. या वेळी धाकटीच्या अंगावर काटा आला नाही. ती रडलीही नाही. तिने नीट ऐकून घेतलं.

महिनाभरात ते अंगवळणी पडलं. ओला टॉवेल ती आधीच खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवायची. एखाद्या सकाळी थोरली नुसतीच रडायची, ते वाक्य म्हणायचीच नाही. मग धाकटी हलकेच विचारायची, "झाकण कोणी लावलं होतं, ताई?" उत्तर आलं की शास्त्र मिटायची. तिला झोप चांगली लागत होती. वजनही थोडं वाढलं होतं.

लेकीच्या लक्षात आलं, नाही असं नाही.

"काकू, आईचे डोळे असे सुजलेले का असतात सकाळचे?"

"प्रार्थनेत भरून येतं त्यांना," धाकटी म्हणाली.

लेकीने ते मोठ्या अभिमानाने पाळकांना सांगितलं, आणि पाळकांनी रविवारी सगळ्या मंडळीला. स्मरणशक्ती गेली, माणसांची ओळख गेली, पण प्रभूसमोर बसलं की त्या माउलीला अजून अश्रू येतात. आणि तिची सेवा करणारी तिची जाऊ! मागच्या सगळ्यावर माती टाकून रोज तिच्यासोबत प्रार्थनेला बसते. बायांनी माना वळवून पाहिलं. या वेळी त्या हसून बघत होत्या. बाहेर पडताना महिला मंडळाच्या बाईंनी धाकटीला गाठलं, पुढच्या महिन्यात साक्ष द्याल का म्हणून विचारलं. थोरली शेजारीच उभी होती, कोणाकडे तरी बघून ओळखीचं हसत.

"देईन की," धाकटी म्हणाली. "ताईंनाही आणते. पहिल्या रांगेत बसतील."

त्या दुपारी दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. ताणलं, झटकलं, एकमेकींकडे चालत आल्या. टोकं जुळली. थोरलीने ती धाकटीच्या हातात दिली, पण लगेच मागे गेली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"सोन्या कुठाय गं? सकाळपासून दिसला नाही."

धाकटीने घडी मांडीवर दाबून सपाट केली आणि चळतीवर ठेवली. दुसरी चादर उचलून तिने दोन टोकं थोरलीच्या हातात दिली.

"उद्या सकाळी सांगते, ताई," ती म्हणाली. "धरा नीट."